‘समाधान’ कोणाचे?
महाडच्या कचेरीवर १० सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चा गेला, गोळीबार झाला. महाड-पोलादपूरकडे त्या दिवसांविषयी बोलताना शिक्षा झालेला आणि स्थानबद्ध केलेला, दोघेही ‘तुरुंगात गेलेले’च म्हटले जातात. आम्हांस हा भेद महत्त्वाचा वाटतो. कैद्यावर आरोप असतो, खटला चालतो. स्थानबद्धाच्या वाट्याला यांतले काहीच नाही. युद्धकाळातील भारत संरक्षण कायद्याने त्यासाठी निदान ‘वाजवी संशय’ मागितला होता. नियम २६ ने सरकारच्या नुसत्या ‘समाधाना’वर भागविले! केशव तळपदे यांच्या प्रकरणात एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने तो नियम कायद्याबाहेरचा ठरविला. संशय वाजवी आहे की नाही हे न्यायाधीश पाहू शकतो. समाधान कसे पाहणार? सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून कायद्याचीच भाषा बदलली. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातही सरकारचे ‘समाधान’च पुरते.