खावटी किती मिळेल? आधी घरी हिशेब मांडा

नवरा-बायको वेगळे झाले की चिखलीसारख्या गावात पहिला सल्ला मिळतो, "मेहेर अन् इद्दतीचा खर्च घ्या, विषय मिटवा." कित्येक बहिणी तेवढ्यावर सही करतात आणि मुलांची फी भरायची वेळ आली की माहेरी हात पसरतात. कायदा मात्र इद्दतीवर थांबत नाही.

२००१ च्या दानियाल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची, पण ती पुढच्या आयुष्याचा विचार करून. १० जुलै २०२४ च्या मोहम्मद अब्दुल समद खटल्यात तलाकशुदा मुस्लिम महिलेला कलम १२५ खालीही खावटी मागता येते, हे पक्कं झालं. आता हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाचं आहे.

मुलांचा हक्क वेगळा आहे. नूर सबा खातून खटल्यानुसार (१९९७) मुलगा सज्ञान होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत, आणि मुलीचं लग्न होईपर्यंत, ऐपत असलेल्या बापावर त्यांची जबाबदारी असते. आईनं स्वतःचा हक्क सोडला म्हणून मुलांचा जात नाही.

रक्कम कशी ठरते?

ठरलेलं कोष्टक नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं पत्नीसाठी नवऱ्याच्या निव्वळ पगाराचे २५ टक्के योग्य मानले. म्हणजे हातात २४,००० येत असतील तर ढोबळ अंदाज ६,००० रुपये. मुलांचा खर्च त्यात धरू नका, तो वेगळा मांडा. आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. 'रजनीश विरुद्ध नेहा' खटल्यात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयानं पत्नीला महिना १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये अंतरिम खावटी दिली होती.

म्हणून वहीत दोन बाजू करा. एकीकडे खर्च: भाडं, किराणा, वीज, फी, वह्या-पुस्तकं, रिक्षा, औषधपाणी. दुसरीकडे नवऱ्याची कमाई: पगारपत्रक, बँकेचा उतारा, दुकान, गाडी, सातबारा. रोजगार किंवा हातावरचा धंदा असेल तर राहणीमानही बघितलं जातं. बाईची स्वतःची कमाईही मोजली जाते, ती लपवू नका. नागपूरचा हाच खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२० मध्ये दोघांनीही मालमत्ता आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक झालं.

उशीर करू नका

त्याच निकालानुसार खावटी अर्जाच्या तारखेपासून मिळते. वेगळं राहून दोन वर्षं झाली आणि अर्ज आज केला, तर मागचे महिने साधारणपणे हातचे गेले. अर्ज आपण राहतो त्या भागातल्या न्यायालयात करता येतो, सासर पुण्याला असो की संभाजीनगरला. अंतरिम खावटीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. आदेश होऊनही पैसे थकले तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करा. न देणाऱ्याला तुरुंगवासही होऊ शकतो.

वकिलाची फी परवडत नाही? महिलांना विधी सेवा मोफत आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

जमातीत बसून समझोता करायलाही हरकत नाही. सूरह तलाकच्या सातव्या आयतीत ऐपतवाल्यानं ऐपतीप्रमाणे खर्च करावा, असाच हुकूम आहे. फक्त बैठकीला जाताना ती वही सोबत न्या, आणि मुलांची रक्कम वेगळी लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.