पाचगणीची हद्द आणि घरांचे भाव

पसरणीचा घाट चढून दांडेघर मागे पडले की पाचगणी येते. आणि दांडेघर, गोडवली, खिंगर, आंब्रळ व तायघाट ही पाच गावे त्या गावठाणाला इतकी लगटून आहेत की गिरिस्थान कोठे संपले आणि शिवार कोठे सुरू झाले हे नवख्याच्या ध्यानातही येऊ नये. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली हे गिरिस्थान याच पाच गावांच्या परिसरात वसले. आज येथे घर घेऊ पाहणारा मनुष्य नगरपरिषदेच्या हद्दीच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाव शेजारी शेजारी मांडतो, आणि दोहोंतील तफावत पाहून पलीकडची जागा स्वस्त असा निर्णय करून मोकळा होतो. आयुष्यभराची शिल्लक अशा निर्णयावर लावणारी माणसे असतात, म्हणून या हिशेबातील प्रमाद स्पष्टपणे सांगितले पाहिजेत.

सर्वांत रूढ गैरसमज हाच की गावची जमीन ही शहरातल्या जमिनीसारखीच, फक्त कमी भावाची. वास्तविक हद्दीबाहेर गुंठ्याने सांगितलेला भाव हा बहुधा शेतजमिनीचा असतो, आणि शहरातला चौरस फुटाचा भाव बांधकामयोग्य जागेचा किंवा तयार घराचा असतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हा गुंठ्याला दहा लाख म्हणजे चौरस फुटाला सुमारे ९१८ रुपये, हे गणित कोणीही करील. परंतु त्या ९१८ रुपयांत घर बांधण्याचा हक्क आलेला नसतो. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये जो शेतकरी नाही त्याला, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून, शेतजमीन विकत घेताच येत नाही. ती घेता आली तरी अकृषिक वापराची मंजुरी, मोजणी, वहिवाटीचा रस्ता आणि पाणी यांचा खर्च व कालावधी पुढे उभाच असतो. त्यातही १७ जानेवारी २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने महाबळेश्वर–पाचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आहे. दोन्ही शहरे आणि भोवतालची गावे तीत आली असून तीव्र उतारावरील बांधकाम, वृक्षतोड आणि भूजलाचा उपसा यांवर तिने बंधने घातली आहेत. ज्या उतारावरून धोमच्या जलाशयाचे मनोहर दर्शन घडते तोच उतार पुष्कळदा बांधकामाला अपात्र असतो, आणि दलाल मात्र त्या दर्शनाचीच किंमत सांगतो. सातबारा उतारा हातात घेऊन भोगवटादाराचा वर्ग, इतर हक्कांतील नोंदी व बोजा आणि त्यासोबत फेरफार वाचल्यावाचून त्या जमिनीची शेजारच्या बंगल्याशी तुलना करणे मला सर्वथा अनुचित वाटते.

शहरातल्या शहरात तरी चौरस फुटाचा दर विश्वसनीय असेल, ही समजूतही तितकीशी खरी नाही. उदाहरणादाखल दोन घरे घ्या, दोन्ही साठ लाखांची. पहिल्याचा दर सहा हजार सांगितला, कारण जिने, व्हरांडा, गच्ची सारे धरून क्षेत्र एक हजार चौरस फूट दाखवले. दुसऱ्याचा दर आठ हजार, कारण तेथे ७५० फुटांचे केवळ चटई क्षेत्रच मोजले. पहिल्याचे चटई क्षेत्र ६५० फूट निघाले तर त्याचा खरा दर नऊ हजार दोनशेच्या वर जातो, म्हणजे जे स्वस्त भासले तेच महाग ठरते. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली असून खासगी बाल्कनी, व्हरांडा व उघडी गच्ची तीतून वगळली आहे. मात्र जुन्या बंगल्याच्या फेरविक्रीत मोजमापाची ती शिस्त क्वचितच आढळते.

शीघ्रसिद्धगणकातला दर म्हणजेच बाजारभाव, असे मानणारेही पुष्कळ आहेत. हा वार्षिक दरतक्ता शासन मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी तयार करते, आणि त्यात गावाचे किंवा शहराचे मूल्यविभाग पाडून एकेका विभागास एक दर लावलेला असतो. खरेदीखतातील रक्कम त्याहून अधिक असेल तर शुल्क त्या रकमेवर, कमी असेल तर तक्त्यातील मूल्यावर, एवढेच त्याचे प्रयोजन. एकाच विभागात मुख्य रस्त्यावरचा भूखंड आणि आतल्या बोळातला भूखंड दोन्ही येऊ शकतात. तेव्हा दोन विभागांच्या दरांतील अंतर हे दोन घरांच्या किमतींतील अंतर समजू नये.

जवळ म्हणजे सारखे, हा आणखी एक समज. महाबळेश्वर येथून वीस किलोमीटरच्या आत, वाई त्याहूनही जवळ. तथापि महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाटाखाली वाईत त्याहून पुष्कळ कमी. महाबळेश्वरात पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंतींना झड्या बांधाव्या लागतात, छपरे दरसाल तपासावी लागतात. हा देखभालीचा खर्च किमतीच्या पाटीवर लिहिलेला नसतो. शिवाय तेथील अनेक जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. पट्ट्याची किती वर्षे उरली आणि नूतनीकरणाच्या अटी काय, यावर त्यांचे मोल अवलंबून असते, आणि पूर्ण मालकीच्या मिळकतीशी ते सरळ ताडून पाहता येत नाही.

मग भाव कशावरून ठरवावा? जाहिरातीतील आकडा ही विक्रेत्याची अपेक्षा असते. झालेल्या व्यवहाराची नोंद दुय्यम निबंधकाच्या दप्तरी असते, आणि तिचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक दोन, ज्याला लोक इंडेक्स टू म्हणतात, तो संकेतस्थळावरही पाहता येतो. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्र आणि मिळकतीचे वर्णन दिलेले असते. परंतु एवढ्याशा गावात वर्षाकाठी एका जातीचे व्यवहार थोडेच होतात, म्हणून सरासरी काढताना जपले पाहिजे. समजा, चार घरे साठ-साठ लाखांना गेली आणि एक मोठा बंगला पाच कोटींना. सरासरी एक कोटी अठ्ठेचाळीस लाख येते, आणि त्या किमतीचे एकही घर विकले गेलेले नसते. मधला आकडा साठ लाखांचा. घर घेणाऱ्याने तोच धरावा, आणि तोही त्याच हद्दीतील, त्याच धारणाधिकाराच्या, त्याच मापाने मोजलेल्या व्यवहारांतून काढलेला.