बाटली घेण्याआधी बादली पाहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वसई रोडला सकाळची चर्चगेट लोकल पकडली आणि महिलांच्या डब्यात, नेहमीसारखी चेपून उभी राहिले. माझी वेणी मागच्या मुलीच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकली. तिने बिचारीने अगदी हलक्या हाताने सोडवली, तरी शेंड्याचा बोटभर झुपका तिच्या हातात आला. ‘सॉरी मावशी’ म्हणताना तिचाच चेहरा रडवेला झाला. पण दोष तिचा नव्हता. माझे केस आधीच वाळक्या गवतासारखे झाले होते.

कमरेपर्यंतची वेणी ही आमच्या घरात कौतुकाची गोष्ट. पस्तिशीनंतर केस पिकू लागले तसा मी दर दीड महिन्याने रंग लावू लागले. त्याला दोन वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी घरी येऊन न्हाणीघरातली फळी पाहिली. शाम्पू चार, कंडिशनर तीन, तेलं तीन आणि एक सीरम. एकूण अकरा बाटल्या! मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पदार्थाचे गुणधर्म आधी समजून घ्या, मग प्रयोगाला हात घाला, असं मुलांना रोज सांगते. स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत मात्र मी जाहिराती पाहून खरेदी करत होते. म्हटलं, आता या प्रश्नाकडे धड्यासारखं पाहायचं. तोच धडा आज तुमच्यासमोर मांडते आहे.

केस जिवंत असतो तो त्वचेच्या आत, मुळाशी. बाहेर दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. त्याला ना रक्तपुरवठा, ना संवेदना. म्हणून तर तो कापताना दुखत नाही. हा धागा महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पाऊण मीटर लांब केसाचा शेंडा सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेला असतो. सहा उन्हाळे, सहा पावसाळे, लोकलच्या दारातला वारा, हजारो वेळा फिरलेला कंगवा, हे सगळं त्याने सोसलेलं असतं. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं नैसर्गिक तेलही तिथवर पोहोचत नाही. लांब केस मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे असतात ते याचमुळे.

आता त्यात रंगाची भर घाला. केसावर कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. कायम टिकणाऱ्या रंगातला अमोनिया ही कौलं उचकटतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून केसाचा मूळ रंग फिका करतं आणि रंगाच्या लहान रेणूंना आतल्या आत जोडून मोठे रंगीत रेणू तयार करतं. मोठे झालेले रेणू सहज बाहेर पडत नाहीत, म्हणून रंग टिकतो. पण या खटाटोपात खवल्यांवरचं जन्मजात स्निग्ध आवरण निघून जातं. निरोगी केसावरून पाणी ओघळतं. रंगवलेला केस पाणी पितो, फुगतो आणि सुकताना आक्रसतो. दर न्हाण्याला हेच घडतं, आणि दर वेळी थोडाथोडा रंगही पाण्याबरोबर वाहून जातो. ‘अमोनिया-फ्री’ लिहिलेल्या रंगात बहुधा अमोनियाच्या जागी दुसरा अल्कधर्मी पदार्थ असतो. वास कमी येतो, पण कौलं उचकटण्याचं काम तोही करतो.

इथे मी एक साधं गणित मांडलं. दीड महिन्यात माझा नवा केस उगवायचा जेमतेम दीड सेंटिमीटर. मी मात्र दर वेळी ब्रश मुळापासून शेंड्यापर्यंत फिरवायची. दोन वर्षांत त्या बिचाऱ्या शेंड्यावर सोळा वेळा पेरॉक्साइड पडलं होतं! म्हणून पहिला निर्णय बिनपैशाचा घेतला. रंग फक्त मुळांपुरता. शेंडे फिके वाटलेच, तर पेरॉक्साइड नसलेला, काही धुण्यांनंतर उतरणारा तात्पुरता रंग पुरतो.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आम्ही पूर्वी वसईच्या पश्चिमेला, वाडीतल्या घरात राहत होतो. पुढे पूर्वेच्या एका इमारतीत सदनिका घेतली. माझ्या सासूबाई नेहमी म्हणायच्या, “अगं, विहिरीच्या पाण्यावर शिकेकाईने न्हायलं की केस कसे सळसळायचे. इथे आल्यापासून नुसता चिकटा.” मला वाटायचं, जुन्या माणसांना जुनं ते गोडच. पण त्यांचं निरीक्षण अचूक होतं. वसई-विरारला सूर्या, उसगाव, पेल्हार या धरणांचं पाणी येतं, पण ते सगळीकडे पुरेसं पोहोचत नाही. कितीतरी इमारतींच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलेलं असतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेचदा जास्त असतात. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, बोलीत आपण जड पाणी म्हणतो. हे क्षार केसांवर बसतात, आणि रंगवलेल्या, झिजलेल्या केसांवर अधिकच बसतात. केस राठ होतात, रंग मळकट दिसतो, आणि आपण दोष देतो शाम्पूला.

तुमचं पाणी कसं आहे ते घरीच कळतं. एका स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली नळाचं पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा छोटासा कीस टाका आणि जोराने हलवा. दुसऱ्या बाटलीत पिण्याचं, आरओ यंत्रातून गाळलेलं पाणी घेऊन तसंच करा. पहिल्या बाटलीत फेस कमी आणि पाणी दूध नासल्यासारखं दिसलं, तर पाणी जड आहे. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या काठावर जमणारा पांढरा थरही तेच सांगतो. अशा पाण्यात अंगाचा साबण केसांना कधीच लावू नका, त्याचा चिकटा केसांवरच बसतो. शाम्पू घेताना घटकांच्या यादीत ‘ईडीटीए’ किंवा सायट्रिक अ‍ॅसिड आहे का ते पाहा. ईडीटीए क्षारांना बांधून ठेवतं आणि सायट्रिक अ‍ॅसिडही त्याला थोडा हातभार लावतं. आणि शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. इतकं साधं आहे हे, पण माझ्या केसांत सगळ्यात मोठा फरक त्या एका तांब्यानेच पडला.

आता दुकानात जाऊ या. बाटलीच्या पुढच्या बाजूला ‘पोषण’, ‘पुनरुज्जीवन’ असे शब्द असतात. मृत धाग्याला पोषण कसलं? आपण पैठणीला खाऊ घालत नाही, तिला जपतो. केसही रेशमासारखंच प्रथिन आहे. तेव्हा बाटली उलटी करा आणि मागची यादी वाचा. यादीत जास्त प्रमाणातले घटक आधी येतात. बदाम, आवळा, जास्वंद ही नावं ‘परफ्यूम’ या शब्दाच्या नंतर आली, तर समजा की ती नावापुरतीच, थेंबभर आहेत.

शाम्पू सौम्य हवा. ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ यादीत अगदी वर असेल, तर कोरड्या केसांना तो कडक पडू शकतो. पण ‘सल्फेट-फ्री’ हा काही मंत्र नव्हे. रंग उतरवण्यात नुसत्या पाण्याचाही मोठा वाटा असतो, त्यामुळे शाम्पू बदलून रोज न्हायलात तर उपयोग शून्य. आपल्याकडच्या घामात आठवड्याला दोन-तीन वेळा पुरे. शाम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला चोळा, वाहून येणारा फेस लांबीला पुरतो. पाणी कोमट घ्या, कढत नको.

लांब, रंगवलेल्या केसांसाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर ते कंडिशनरवर करा. त्यात ‘बेहेनट्रायमोनियम’ किंवा ‘सेट्रिमोनियम’ अशा नावाचे घटक असतात. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो आणि झिजलेल्या केसावर ऋण भार वाढलेला असतो. त्यामुळे जिथे झीज जास्त, तिथे ते जास्त चिकटतात. ‘सीटाइल अल्कोहोल’ वाचून घाबरू नका. ते मेणासारखं स्निग्ध असतं, केस कोरडे करत नाही. कंडिशनर कानाच्या खालच्या लांबीला लावा, त्यातच मोठ्या दातांचा कंगवा शेंड्याकडून वर फिरवा आणि मग धुवा. सीरम म्हणजे बहुतेक वेळा सिलिकोन. ते केस दुरुस्त करत नाही, पण घर्षण कमी करतं. गर्दीच्या डब्यात वेणी घासत जाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे दोन थेंब पुरतात.

तेलाच्या बाबतीत आपल्या आज्या बरोबर होत्या. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून होणारी प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं आणि धुताना केस कमी फुगतो. तेव्हा तेल न्हाण्याच्या आधी लावा, आदल्या रात्री किंवा निदान दोन तास. शिकेकाई आवडत असेल तर जरूर वापरा, पण उकळून, फडक्यातून गाळून. तिचा भुगा लांब केसांत अडकला की सोडवताना केस तुटतात.

मोठी बाटली एकदम घेऊ नका. शाम्पूची दोन-तीन रुपयांची पुडी आणि कंडिशनरची लहान बाटली आणा, महिनाभर वापरा, मग ठरवा. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर गुण कशाचा आला ते कळत नाही. प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू पडतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. माझ्या नणंदेने एका लग्नाच्या आदल्या दिवशी ‘काळी मेंदी’ लावली. रंगापेक्षा मेंदी बरी, या समजुतीने. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडेनात, इतक्या पापण्या सुजल्या. लग्नाऐवजी दवाखाना गाठावा लागला. खरी मेंदी केशरी-तांबडा रंग देते. थोड्या वेळात काळाभोर रंग देणाऱ्या मेंदीत बहुधा ‘पीपीडी’ हे रसायन असतं. बाजारातल्या बहुतेक गडद रंगांतही ते किंवा त्याचं एखादं भावंड असतं. काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. म्हणून लावण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहा. आजवर काही झालं नाही, म्हणून ही चाचणी टाळू नका. अ‍ॅलर्जी दहाव्या वेळीही उद्भवू शकते.

दुसरी गोष्ट पार्लरमधल्या केस सरळ करण्याच्या उपचारांची. ‘केराटिन’ नावाने केल्या जाणाऱ्या काही उपचारांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो माणसात कर्करोग घडवणारा म्हणून जाहीर केला. त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या ग्लायॉक्सिलिक आम्लामुळे एका तरुणीच्या मूत्रपिंडांना पुन्हा पुन्हा इजा झाल्याचं फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ साली नोंदवलं. डोळे चुरचुरत असतील तर खुर्चीवरून उठा. पैसे गेले तरी चालतील. आणि तिथे दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या मुलीचाही विचार करा, ती तो वायू रोज घेते.

माझ्या वेणीचं पुढे काय झालं? वीतभर केस कापावे लागले. फाटलेला शेंडा कोणतीही बाटली सांधू शकत नाही, हे स्वीकारावंच लागलं. ओले केस बांधून गाडी पकडणं सोडलं, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. पुसायला जुना मऊ सुती पंचा घेतला. फलाटावरच्या उन्हात रंग विटतो म्हणून डोक्यावर ओढणी आली. दीड वर्षात वेणी पुन्हा कमरेला टेकली. सासूबाईंनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “आता विहिरीच्या पाण्यासारखे लागतात.”

फळीवर आज चारच वस्तू आहेत. एक शाम्पू, एक कंडिशनर, खोबरेलाची बाटली आणि सीरम. शेजारी पिण्याच्या पाण्याचा तांब्या असतो. तुम्हीही या रविवारी दुकानात जाण्याआधी साबणाचा तेवढा एक कीस नळाच्या पाण्यात टाकून पाहा.