लेकरांची वाटणी

आमच्याकडे फारकत होते तेव्हा भांडी, डोरले, एखादी शेळी यांची यादी होते, आणि यादीच्या शेवटी लेकरे येतात. मुलगा बापाचा, मुलगी आईची. अंगावर पिणारे असेल तर पिते तोवर आईचे.

सेनगाव तालुक्यातल्या एका वस्तीत काही वर्षांपूर्वी अशा बैठकीला मी होतो. शिक्षक म्हणून मला बोलावले होते आणि अक्षर बरे म्हणून शंभराच्या मुद्रांकावरचा मजकूरही मीच लिहिला. नऊ वर्षांच्या मुलाला मध्ये उभे करून एका वडीलधाऱ्याने विचारले, "बोल रं लेकरा, बापाकडं ऱ्हातूस का मायकडं?" पोर दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि रडू लागले. "त्याला काय कळतंय," असे म्हणून बैठकीने त्याला बापाकडे दिले. मी तसे लिहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्याला बाजूला घेऊन विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुर्जी, मायपशी ऱ्हायचंय, बहिनीसंगं. पन शाळा हीच पायजे." आई माहेरी गेली होती, कळमनुरीकडे. म्हणजे पोराला सगळे कळत होते. त्याचे उत्तर आमच्या प्रश्नात बसत नव्हते, एवढेच.

तो कागद लिहिताना मला कायदा ठाऊक नव्हता. पुढे जो समजला तो येथे मांडतो, कारण चळवळीतले आपले अनेक कार्यकर्ते आजही अशा बैठकांत पंच म्हणून बसतात.

पहिली गोष्ट, मुद्रांकावर लेकरू लिहून देता येत नाही. आईबापांनी काहीही कबूल केले असले तरी न्यायालय त्याला बांधलेले नाही. त्याने पाहायचे ते मुलाचे हित. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम १७ म्हणते की, समजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. वयाचा आकडा त्यात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ आणखी पुढे जाते. ताबा, पोषण आणि शिक्षण यांचे हुकूम शक्य तेथे मुलांच्या इच्छेला धरून असावेत, असे ते सांगते.

येथे कोणी विचारील की, आपण बौद्ध. हिंदूंचा कायदा आपल्याला कसा? या कायद्यांच्या व्याख्येत बौद्धांनाही धरलेले आहे, म्हणून. हिंदू कोड बिल अडवले गेले, त्या वर्षी, १९५१ साली, बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. त्याचे तुकडे पुढे १९५५-५६ साली मंजूर झाले. अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा १९५६ च्या ऑगस्टमध्ये आला आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. धर्म सोडला तरी तो कायदा आपल्या मागे आला. त्यात पालक म्हणून आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचे मूल मात्र सामान्यतः आईकडे.

हा 'नंतर' किती छळतो ते विदर्भातल्या जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात दिसते. आईबाप वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. मुलगी आईने वाढवली, मुलीची जमीनही आईच पाहत होती. ती जमीन आईने कुळाला लावून दिली, तेव्हा बाप हयात असताना तिला हा अधिकार होता काय, असा प्रश्न निघाला. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बाप असून नसल्यासारखा होता, म्हणून आईच पालक. वीस वर्षे पोर सांभाळल्याची दखल घेतली गेली ती शेताच्या वादामुळे! बापाच्या हयातीतही आई पालक असू शकते, हा सर्वसाधारण अर्थ गीता हरिहरन यांच्या खटल्यात निघाला, पण १९९९ साली. दरम्यान १९७३ साली रोझी जेकब खटल्यात न्यायालयाने बजावले होते की, मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हेत, खेळणीही नव्हेत. आणि ताब्याचा हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलता येतो.

आता विचारायचे कसे, हा खरा अवघड भाग. न्यायाधीश मुलाला पुष्कळदा आपल्या दालनात एकटे बोलावून बोलतात. कोणी पढवले आहे का, धाक आहे का, हेही पाहतात. मुलाची इच्छा हा अखेरचा शब्द नसतो, आणि तसा तो नसावा. नाहीतर मोबाईल घेऊन देणारा बाप दर वेळी जिंकेल. परंतु आपण बैठकीत करतो ते निराळेच. आपण मुलाला साक्षीदार करतो. आईसमोर बापाला आणि बापासमोर आईला 'नको' म्हणायला लावतो.

शिवाय भाकरीचा प्रश्न आहेच. आई हंगामाला ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार असेल तर 'मायपशी' म्हणजे नेमके कुठे? म्हणून मुलाच्या इच्छेबरोबर पोटगीही मागितली पाहिजे. मूल आईकडे असले तरी बापाची जबाबदारी सुटत नाही. पूर्वीचे कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. वकिलाच्या पैशांची अडचण सांगितली जाते, परंतु १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीजमातींचे लोक यांना मोफत वकील मिळतो. अर्ज मूल जेथे नेहमी राहते तेथल्या जिल्हा न्यायालयात करायचा.

त्या मुलासाठी हे काही झाले नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

पुढे वसमत तालुक्यातल्या एका बाईंचा अर्ज आम्ही दोघातिघांनी मिळून करविला. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला न्यायाधीशांनी आत बोलावले. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो, बापही त्याच बाकावर. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, तिने पाणी मागितले. आत काय विचारले ते तिने आईलाही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.