पावसाळ्यात व्हीपीएन अडले, तर आधी काय पाहावे?

पुनर्वसू नक्षत्र लागले की मावळात भाताच्या लावणीला जोर येतो. खाचरात चिखलणी चाललेली असते, वरून पाऊस कोसळत असतो आणि त्याच वेळी घरातली लेक किंवा सून ओटीवर बसून पुण्याच्या कचेरीचे काम संगणकावर करीत असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हापासून घरून काम करण्याची ही रीत खेड्यांतही आली. पुढे बऱ्याच कंपन्यांनी माणसे परत बोलावली. तरी आठवड्यातले काही दिवस घरून काम करण्याची मुभा अनेकांना आहे. तेवढ्याने लोकलची दगदग वाचते, शहरातल्या खोलीचे भाडे वाचते, मूल आईजवळ राहते. खत-बियाण्याच्या दिवसांत महिन्याच्या पगाराचा केवढा आधार असतो, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

पण ‘व्हीपीएन लागत नाही’ असे झाले की सगळे अडते. साहेबाला इकडचा पाऊस दिसत नाही. त्याला दिसते ती गैरहजेरी. म्हणून ही गोष्ट घरातल्या सर्वांनीच थोडी समजून घ्यावी.

व्हीपीएन म्हणजे काय?

लोणावळ्याच्या तलावांचे पाणी बंद नळांतून घाट उतरून खोपोलीला जाते आणि तेथे १९१५ पासून त्यावर वीज तयार होते. नळ उघड्या डोंगरावरून जातात, पण वाटेत कोणी आतले पाणी भरून घेऊ शकत नाही. व्हीपीएन तसेच आहे. इंटरनेट ही सर्वांची वाट. त्या वाटेवरून कचेरीचे कागद कुलूपबंद नेणारा हा खासगी नळ. त्याचे एक तोंड आपल्या संगणकात, दुसरे कचेरीत.

विहिरीपासून शेतापर्यंत

मोटार पाणी ओढीत नसेल तर आपण लगेच सगळी पाइपलाइन उकरीत नाही. आधी वीज, मग फ्यूज, मग फूटव्हॉल्व्ह, असे क्रमाने पाहतो. येथेही तोच क्रम धरावा आणि एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले, तर दोष कशात होता ते कळत नाही.

१. व्हीपीएन बंद करून एखादे साधे संकेतस्थळ उघडावे. तेही उघडत नसेल तर दोष व्हीपीएनचा नाही, नेटचा आहे. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला असेल तर बहुधा तार तुटली आहे. नेट पुरवणाऱ्याला कळवावे. मोटार सुरू होताच घरातले दिवे मंदावत असतील, तर तेवढ्यातही राऊटर बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

२. नेट चालते, पण व्हीपीएन लागत नाही? मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहावे. ही सर्वांत उपयोगी परीक्षा. मोबाइलवरून लागले तर दोष राऊटरमध्ये किंवा नेट पुरवणाऱ्याकडे. दोन्हीकडून लागले नाही तर संगणक, पासवर्ड किंवा कचेरीची बाजू पाहावी.

३. संगणकावरची तारीख-वेळ पाहावी. ती चुकलेली असेल तर कचेरीचे ओळखपत्र संगणकाला मुदतबाह्य वाटते आणि तो दार उघडत नाही.

४. पासवर्डची मुदत संपली आहे का, मोठ्या अक्षरांची कळ दाबली गेली आहे का, ते पाहावे. पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड घातला तर खात्याला कुलूप लागते. दोनदा चुकले की थांबून कचेरीत विचारावे. संदेशाने येणाऱ्या ओटीपीला मोबाइलची रेंज लागते. डोंगराच्या आडोशाच्या गावांत ती पावसात जाते. अशांनी ॲपमधून मिळणाऱ्या आकड्यांची सोय कचेरीकडून आधीच करून घ्यावी.

५. व्हीपीएन लागते, पण सारखे तुटते? जाड भिंतीआड वायफाय क्षीण होते. राऊटरपासून संगणकापर्यंत सरळ वायर जोडून पाहावी.

६. व्हीपीएन लागले, पण कचेरीचे पान उघडत नाही? कधी घरच्या राऊटरचे आणि कचेरीच्या जाळ्याचे अंतर्गत क्रमांक एकसारखे असतात. एकाच नंबरची दोन घरे असली की पोस्टमन गोंधळतो, तसे होते. कधी लहान निरोप जातात आणि मोठी फाइल अडते. कुलपाच्या वेष्टनाने गाठोडे फुगून वाटेत मावत नाही. हे दोष कचेरीच्या तंत्रज्ञानेच काढावेत. आपण फक्त नेमके काय अडते ते सांगावे.

वहीत नोंद

दुधाच्या हिशेबासारखी एक वही ठेवावी. वेळ, पडद्यावर आलेले शब्द जसेच्या तसे आणि काय काय करून पाहिले, ते लिहावे. ‘चालत नाही’ एवढ्यावरून तंत्रज्ञाला काही कळत नाही. ‘मोबाइलवरून लागते, फायबरवरून नाही’ म्हटले की त्याचे अर्धे काम होते.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मावळातही विजेचे खांब पडले. अशा वेळी घरी बसून उपाय नसतो. वीज असलेल्या गावी बसण्याची एक जागा मृगाआधीच ठरवून ठेवावी आणि तेथून काम चालेल का ते साहेबाला आगाऊ विचारावे. विजा कडाडत असतील तर राऊटरची पिन काढावी. राऊटर जळण्यापेक्षा तासभर खाडा बरा.

अनोळखी हातात किल्ली नको

घाईत माणूस फसतो. ‘कंपनीतून बोलतो, संगणकाचा ताबा द्या, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि कचेरीने दिलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा. फुकटचे दुसरे व्हीपीएन घालू नये, विषाणूरोधक बंद करू नये. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणि घरच्यांनी एवढे करावे : व्हीपीएन अडले असताना ‘झाले का, झाले का’ असा घोशा लावू नये. क्रमाने पाहणाऱ्याला दोष सापडतो. घाबरलेल्याला समोरचा लाल दिवाही दिसत नाही.