आवडलेली पुस्तके आणि कादंबरीतले रडू



वर्षअखेरीला इथे ‘वर्षभरात आवडलेली पुस्तके’ या विषयावर कोणीतरी बोलते. या वेळी ते काम आमच्याकडे आले. आमंत्रण द्यायला आलेले कार्यवाह म्हणाले, “सर, तुमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. यादी जरा वजनदार होऊ द्या.” आम्ही बरे म्हणालो आणि ते गेल्यावर वही काढली. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची आमची जुनी सवय आहे. वहीत वजनदार पुस्तके होती, नाही असे नाही. पण आम्ही स्वतःला विचारले, की या वर्षी कोणत्या पुस्तकांसाठी जेवण लांबले? कोणती पुस्तके मिटल्यावर लगेच दुसरे काही हातात घ्यावेसे वाटले नाही? प्रामाणिक उत्तर निघाले ते असे : तीन कादंबऱ्या. तिन्ही भावनाप्रधान आणि तिन्हींत प्रेमाची गोष्ट. तेव्हा कार्यवाहांची माफी मागून आज त्याबद्दलच बोलू.

आधी ‘आवडणे’ या शब्दाकडे जरा बघू. कांट नावाचा जर्मन तत्त्ववेत्ता होता. त्याच्या १७९० सालच्या ग्रंथात त्याने एक साधा भेद केला आहे. एखादी गोष्ट सुखकर वाटणे वेगळे आणि ती सुंदर आहे असे म्हणणे वेगळे. ‘मला आंबोळी आवडते’ असे म्हटले तर कोणी वाद घालत नाही. तुमची आवड तुमच्यापाशी. पण ‘ही कादंबरी सुंदर आहे’ असे म्हटले की आपण नकळत समोरच्यावर एक हक्क सांगतो. त्यालाही ती सुंदर वाटायला हवी, अशी आपली अपेक्षा असते. आता गंमत बघा. वर्षअखेरीची यादी करताना आपण शीर्षक देतो ‘आवडलेली’ आणि पुस्तके निवडतो ती ‘आवडायला हवी होती’ अशी. रात्री जागून वाचलेली प्रेमकथा यादीत येत नाही. अर्धे वाचून ठेवलेला ग्रंथ येतो. ही लबाडी आम्ही स्वतः अनेक वर्षे केली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

ही लबाडी निरुपद्रवी नसते. आमच्या घरातली गोष्ट सांगतो.

आमची थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो. आमच्याहून सात वर्षांनी मोठी. शाळा सातवीत सुटली, लग्न लवकर झाले, पण वाचन सुटले नाही. माहेरी आली की तालुक्याच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायची, वर्तमानपत्राचे कव्हर घालायची आणि दुपारी माजघरात वाचत पडायची. वाचता वाचता डोळ्यांना पदर लावायची. १९७२ साली आम्ही एम. ए. होऊन घरी आलो. डोक्यात प्लेटो भरलेला. प्लेटो म्हणतो, की ज्या भावना वाळून जायला हव्यात त्यांना काव्य पाणी घालते. एके दुपारी आक्का वाचत असताना आम्ही तिला हे ऐकवले. वर असेही म्हणालो, “आक्का, जी बाई जगात नाहीच तिच्यासाठी रडतेस? घरात खरी माणसं कमी आहेत का?” घरातले हसले. आक्काही हसली. पुस्तक मिटून आत गेली. त्यानंतर आमच्यासमोर ती कधी कादंबरी वाचताना दिसली नाही. आम्हाला वाटले, आपण युक्तिवाद जिंकला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७५ साली, कॉलिन रॅडफर्ड या ब्रिटिश तत्त्ववेत्त्याने एक निबंध लिहिला. प्रश्न आमचाच होता, फक्त त्याने तो नीट विचारला होता. ॲना कॅरेनिनाच्या नशिबाने आपण का हेलावतो? तीन विधाने घ्या. एक, एखाद्याची कीव येण्यासाठी तो माणूस आहे आणि खरोखर दुःखात आहे, असे आपल्याला वाटावे लागते. दोन, कादंबरीतली माणसे नाहीत, हे आपल्याला ठाऊक असते. तीन, तरीही आपल्याला त्यांची कीव येते. तिन्ही विधाने सुटी सुटी खरी वाटतात, पण एकत्र नांदू शकत नाहीत. रॅडफर्डचा निष्कर्ष असा, की आपले हे रडणे स्वाभाविक असले तरी विसंगत आहे. हा निबंध आम्ही पुढे वर्गात शिकवला. विद्यार्थ्यांना आवडायचा. शिकवताना आक्काची आठवण मात्र एकदाही झाली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. नाटकातला करुण बघून प्रेक्षकाला आनंद का होतो, यावर रसचर्चेत बारकाईने विचार झाला. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने ती आपल्या पद्धतीने पुढे नेली. सोप्या भाषेत सांगायचं तर असं : रंगमंचावरचा शोक ‘त्या अमुक माणसाचा’ राहत नाही आणि ‘माझा स्वतःचा’ही होत नाही. माझे-तुझे हे कुंपण काही वेळ खाली येते आणि नुसता शोक, नुसती रती अनुभवाला येते. मराठीत न. चिं. केळकरांनी बडोद्याच्या १९२१ च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून बोलताना ‘सविकल्प समाधी’ हा शब्द वापरला. वाचक पात्राशी तादात्म्य पावतो, पण आपले भान पूर्ण सोडत नाही. तो त्या घरात शिरतो आणि आपल्या घराची किल्लीही खिशात ठेवतो. केळकरांच्या या कल्पनेवर पुढे पुष्कळ वाद झाले, ते आज बाजूला ठेवू.

हे मान्य केले तर रॅडफर्डच्या पहिल्याच विधानाला धक्का बसतो. हेलावण्यासाठी समोरचे माणूस अस्तित्वात असण्याची गरज नाही. असे होऊ शकते, असे कोणाचे तरी होते, आपलेही होऊ शकले असते, एवढे डोळ्यांसमोर नीट उभे राहिले की पुरते. आक्का ‘जगात नसलेल्या बाईसाठी’ रडत नव्हती. आम्हाला प्रश्न विचारता येत होता, उत्तर ऐकायची तयारी नव्हती.

म्हणजे सगळे रडू सारखेच का? तर नाही. प्लेटोची भीती अगदीच खोटी नव्हती. रडवणाऱ्या पुस्तकांतही भेद करावा लागतो. काही कादंबऱ्या आपल्याला पात्राकडे नेतात, काही आपल्याला आपल्याचकडे आणून सोडतात. दुसऱ्या प्रकारात आपण नायिकेसाठी रडत नसतो. आपण किती हळवे आहोत याचे कौतुक करत असतो. याला भावविवशता म्हणावे. ओळखायची एक साधी कसोटी आम्ही वापरतो. पुस्तक मिटल्यावर कोणाचा चेहरा समोर येतो? स्वतःचाच येत असेल तर जरा सावध व्हावे. दुसऱ्या कोणाचा येत असेल, मग तो पात्राचा असो की ओळखीच्या माणसाचा, तर त्या पुस्तकाने काम केले.

आता या कसोटीवर या वर्षीची तीन पुस्तके.

पहिले, जेन ऑस्टिनचे ‘पर्स्वेजन’. बाई १८१७ च्या जुलैत वारल्या आणि हे पुस्तक त्याच वर्षाच्या शेवटी बाहेर आले. ॲन इलियट सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी वडीलधाऱ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याशी ठरलेले लग्न मोडले. आता तो कॅप्टन होऊन, पैसा मिळवून परत येतो आणि तिला त्याच दिवाणखान्यात, त्याच माणसांत वावरावे लागते. बाहेरून बघाल तर काही घडत नाही. पण ॲन सतत ऐकत असते. बहिणीची कुरकुर, आजारी मैत्रिणीचे दुःख, कोणी हरवलेल्या प्रेमाबद्दल बोलत असेल तर ते. शेवटाकडे प्रेमात निष्ठा कोणाची जास्त, पुरुषाची की बाईची, असा वाद निघतो. समोरचा कॅप्टन म्हणतो, सगळी पुस्तके माझ्या बाजूने साक्ष देतील. ॲन म्हणते, पुस्तकांचा दाखला नको, लेखणी पुरुषांच्या हातात राहिली आहे. प्रेमकथेच्या मधोमध असा ज्ञानमीमांसेचा मुद्दा येतो, की साक्षीदार कोण हे बघितल्याशिवाय साक्ष मानू नका. हा मुद्दा आम्हाला वर्गात मांडायला दोन तास लागायचे.

दुसरे, हरिभाऊ आपट्यांचे ‘पण लक्षांत कोण घेतो’. हे १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होते. तुम्ही म्हणाल, ही सामाजिक कादंबरी, ही प्रेमाच्या यादीत कशी? आम्हीही अभ्यासक्रमात ती तशीच शिकलो : बालविवाह, वैधव्य, केशवपन. या वर्षी पुन्हा वाचताना लक्षात आले, की मधल्या भागात यमू आणि रघुनाथ यांच्या मुंबईतल्या संसाराची गोष्ट आहे. नवरा बायकोला वाचायला शिकवतो, दोघे बोलतात, मतभेद होतात, पुन्हा बोलतात. मराठी कादंबरीतले हे पती-पत्नीचे मोठे सुंदर सख्य आहे. हरिभाऊंनी ते आधी आपल्याला दिले नसते, तर पुढे यमूवर जे गुदरते ते नुसते अन्यायाचे उदाहरण राहिले असते. कोणते प्रेम गेले हे ठाऊक असते, म्हणून अन्याय केवढा ते कळते. सुधारणेवरचा लेख वाचून मत बदलते, अशी कादंबरी वाचून मत बदलायची गरज वाटू लागते.

तिसरे, वि. स. खांडेकरांची ‘अमृतवेल’, १९६७ सालची. आम्ही प्राध्यापक मंडळी खांडेकरांना नाक मुरडत आलो. सुभाषिते फार, उपमा फार, असे आमचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, आजही आहे. त्या काळी फडके आणि खांडेकर यांच्या नावाने ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ असा वाद रंगायचा. प्रेमकथा लिहिणारे ना. सी. फडके स्वतः तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, हे मात्र आम्ही सोयीस्करपणे विसरायचो. ‘अमृतवेल’मधली नंदा, ज्याच्याशी लग्न ठरले तो अचानक गेल्यामुळे कोसळते आणि पुढे दुसऱ्याच्या मोडत आलेल्या संसारात जाऊन पडते. स्वतःच्या दुःखातून मान वर करून दुसऱ्याच्या दुःखाकडे बघणे, हा त्या पुस्तकाचा गाभा.

हे पुस्तक आम्ही आपण होऊन उचलले नाही. आक्का आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली. या पावसाळ्यात तिच्याकडे महिनाभर राहिलो. एका संध्याकाळी ती म्हणाली, “कपाटात खाली ‘अमृतवेल’ आहे. वाचून दाखवशील? तुला चालत असेल तर.” ‘तुला चालत असेल तर’ हे शब्द तिने अगदी सहज उच्चारले. आम्हाला मात्र पन्नास वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. पुस्तकावर अजून वर्तमानपत्राचे कव्हर होते.

रोज वीसेक पाने वाचायचो. सुरुवातीला सवयीने मधेच थांबून शेरे मारायचो : ही उपमा जादा झाली, हे वाक्य नको होते. दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, “तू पुस्तक वाचतोस की पेपर तपासतोस?” मग गप्प वाचू लागलो. नंदाला तिच्या वडिलांचे पत्र येते, तिथे आमचा आवाज अडकला. आक्काने थोडा वेळ वाट बघितली आणि म्हणाली, “पाणी घे. इथे सगळ्यांचंच होतं.”

त्या दिवशी आम्ही तिला विचारले, की तेव्हा माजघरात तू कोणासाठी रडायचीस? तिने सांगितले. तिच्या नणंदेचे नाव घेतले. ती मुलगी विसाव्या वर्षी माहेरी परत पाठवली गेली होती आणि घरात तिच्याबद्दल बोलायची बंदी होती. आक्का म्हणाली, “घरात रडता यायचं नाही तिच्यासाठी. पुस्तक हातात असलं की कोणी विचारत नसे.” घरात खरी माणसे कमी आहेत का, असे आम्ही तिला विचारले होते. ती खऱ्या माणसासाठीच रडत होती. कादंबरी ही तिची आडोशाची जागा होती आणि ती आम्ही आमच्या पांडित्याने काढून घेतली. आम्ही तिची माफी मागितली. ती म्हणाली, “वाच पुढे.”

मित्रहो, तुम्ही या आठवड्यात आपापल्या याद्या कराल. एवढेच करा, की जे खरोखर आवडले ते लिहा आणि पुस्तकाच्या नावापुढे वाचताना कोण आठवले तेही लिहून ठेवा. आणि घरात कोणी कादंबरी वाचताना डोळे पुसत असेल, तर हसू नका. जमले तर शेजारी बसा. ‘अमृतवेल’ची आमची शेवटची पन्नास पाने राहिली आहेत. परवा आक्काकडे जायचे आहे.