गाडी तापली? पंख्याची मोटार बदलण्याआधी एवढं तपासा

मे महिना. रत्नागिरीच्या किनारपट्टीवरून पहाटे निघालेला, हापूसच्या पेट्यांनी भरलेला एक छोटा पेट्रोल टेम्पो आंबा घाट चढत होता. पुढे मालट्रक, मागे एस.टी., चाल दुसऱ्या गिअरची. अर्ध्या घाटात काटा लाल पट्टीला टेकला. बागायतदारानं मनाशी म्हटलं, 'माथा आता चार वळणांवर आहे, पोचू कसेबसे.' पोचले नाहीत. बॉनेटखालून वाफेचे लोट निघाले, इंजिन बंद पडलं. हेड वाकलं, गास्केट उडालं. दुसरी गाडी मागवून माल कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नेईपर्यंत सकाळचा सौदा आटोपला होता.

गंमत अशी, की आठच दिवसांपूर्वी 'पंखा फिरत नाही' म्हणून याच टेम्पोला एका गॅरेजमध्ये नवी मोटार बसवली होती. बॅटरीवरून थेट करंट देऊन ती फिरते का ते बघितलं आणि काम झालं म्हणून गाडी ताब्यात दिली. टेम्पो ओढून साखरप्याला आणल्यावर तिथल्या वायरमननं पाच मिनिटांत खरा दोष दाखवला. रेडिएटरजवळच्या सेन्सरचा प्लग उपसला, तर पितळी टोकांवर हिरवट पूड धरलेली. खाऱ्या दमट हवेचा हा प्रताप. वायरमन म्हणाला, "काका, मोटारीला काय झालेलं नाय. तिला हुकूमच पोचत नव्हता."

हा हुकूम कसा सुटतो आणि कुठे अडतो, हे गाडीवाल्याला कळलं तर निम्मा खर्च वाचेल.

पंखा कोणाच्या हुकमावर फिरतो?

जुन्या जीपचा किंवा ट्रॅक्टरचा पंखा पट्ट्यावर चालतो. इंजिन फिरलं की तो फिरतोच. मारुती ८०० सारख्या गाड्या १९८३ पासून आल्या आणि विजेवरचा पंखा घरोघरी माहीत झाला. तो सतत फिरत नाही. रेडिएटरमध्ये किंवा इंजिनावर एक सेन्सर असतो. पाणी साधारण ९० ते १०० अंशांच्या दरम्यान ठरलेल्या मापाला तापलं, की सेन्सरचा संदेश रिलेला जातो, रिले बॅटरीचा करंट मोटारीला सोडतो. पाणी निवलं की पंखा थांबतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि पंख्याचा वेगळा असतो. त्यामुळे काटा वर जातो आणि पंखा मात्र ढिम्म, असंही घडतं.

गाडी कधी तापते ते आधी पाहा. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, पंख्याची गरज फारशी लागत नाही. म्हणून रस्त्यावर ठीक, पण घाटात, यार्डाच्या रांगेत किंवा उभ्या उभ्या तापत असेल तर संशय पंख्यावर घ्या. वेगातसुद्धा तापत असेल तर पाणी, रेडिएटर, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह किंवा पाण्याचा पंप बघा.

आधी पाणी, मग पंखा

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघा. नुसती बाजूची बाटली बघून भागत नाही. सेन्सरचं टोक पाण्यात बुडालेलं असेल तरच त्याला ताप कळतो. पाणी गळून पातळी खाली गेली तर ते टोक हवेत राहतं. मग इंजिन उकळत असलं तरी पंखा सुरू होत नाही, आणि काट्याच्या सेन्सरचंही तेच झालं तर काटा मधेच उभा. "काटा तर मधेच होता हो!" असं गॅरेजमध्ये हताशपणे सांगणारे अनेक जण भेटतात, त्याचं कारण हेच.

त्यानंतर रेडिएटरच्या जाळीत पाचट, भुसा, चिखल अडकला आहे का ते बघा. इंजिन गरम असून रेडिएटरची खालची नळी गारच लागत असेल तर व्हॉल्व्ह बंद अडकला असण्याचा संभव आहे. सेन्सर रेडिएटरमध्ये असलेल्या गाडीत अशा वेळी त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचतच नाही, मग पंख्याला दोष देऊन काय उपयोग?

तपासणीचा क्रम

एक, फ्यूज. पंख्याचा फ्यूज बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो. उडाला असेल तर त्याच मापाचा घाला, तार गुंडाळू नका. पुन्हा उडाला तर मोटार जाम आहे किंवा वायर कुठे तरी घासली आहे.

दोन, रिले. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि पंख्याचा रिले एकाच नमुन्याचा असतो. वरचा आकडा जुळत असेल तर अदलाबदल करून बघा.

तीन, सेन्सर. दोन पिनांचा साधा स्विच असलेल्या गाडीत चावी चालू करून प्लग उपसा आणि प्लगची दोन्ही टोकं छोट्या वायरनं जोडा. पंखा फिरला, तर मोटार, रिले, फ्यूज सगळं ठीक. दोष स्विचचा किंवा गंजलेल्या प्लगचा. टोकं घासून साफ करा, मग पुन्हा बघा.

चार, मोटार. जोडूनही फिरत नसेल तर बॅटरीवरून मोटारीला थेट करंट द्या. तरी फिरली नाही, तरच नव्या मोटारीचा खर्च करा. नवी बसवल्यावर हवा कोणत्या दिशेला जाते तेही बघा. वायरी उलट जोडल्या तर पंखा उलटा फिरतो.

स्विचची शंका फिटत नसेल तर थंड इंजिनातून तो काढून पातेल्यातल्या पाण्यात टोक बुडवा आणि चुलीवर तापवा. मल्टिमीटर लावला की किती अंशांवर जोडणी होते ते कळतं. माप बहुधा स्विचवरच कोरलेलं असतं.

नव्या गाड्यांना वेगळी रीत

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या नव्या गाड्यांत पंख्याचा हुकूम बहुधा ईसीयू म्हणजे गाडीचा संगणक देतो. इथला सेन्सर चालू-बंद होणारा स्विच नव्हे. तापेल तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो. नेहमीच्या नमुन्यात तो २५ अंशांना दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास भरतो. या वायरींना बॅटरीचा करंट चुकूनही देऊ नका, संगणक जळेल. इंजिन चालू ठेवून सेन्सरचा प्लग काढला की पुष्कळ गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो. तसा झाला तर मोटार आणि रिले शाबूत आहेत. एसी असलेल्या गाडीत एसी लावूनही बहुधा हे कळतं.

'डायरेक्ट' नको

काही मिस्त्री सेन्सर शोधत बसण्यापेक्षा पंखा 'डायरेक्ट' करून देतात. घाटातून घरी पोचायला हे चालेल, कायमचं नव्हे. इंजिन योग्य तापाला यायला वेळ लागतो, इंधन जास्त जळतं आणि मोटार लवकर झिजते. व्हॉल्व्ह काढून फेकण्याचंही तसंच. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं रेडिएटर आतून चोंदतो, तेव्हा कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच वापरा.

ग्रामपंचायतीची घंटागाडी दिवसभर सावकाश फिरते, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका उभी असताना चालू राहते. या दोन्ही गाड्यांची सगळी भिस्त पंख्यावर. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी उन्हाळ्याआधी चालकाकडून ही तपासणी करून लॉगबुकात नोंद घ्यावी.

घाटात गाडी तापली तर

काटा लालीला लागला की जागा बघून थांबा, इंजिन बंद करा. चार वळणांचा मोह धरू नका. झाकण लगेच उघडणं म्हणजे शिट्टी न होता कुकर उघडणं, चेहरा भाजतो. निदान अर्धा तास थांबा, मग जाड फडकं धरून हळूहळू उघडा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. चावी बंद असतानाही काही गाड्यांत पंखा अचानक फिरू लागतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची उणे वायर काढा.

आपल्या बागायतदारांच्या डॅशबोर्डमध्ये आता दोन जादा फ्यूज, वीतभर वायर आणि घासपेपरचा तुकडा असतो. ते म्हणतात, "एवढं त्या दिवशी खिशात असतं, तर हेड वाचलं असतं अन् सौदाही."